पणजोबांचं नाव

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, मेंदूत एक प्रथिन साचतंय, विसरण्याचा आजार अजून सुरुवातीचा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडत बसले नाही. वही घेतली, घराण्यातली सगळी नावं लिहिली आणि रोज सकाळी सहाला अप्पांकडून घोकून घ्यायला लागले. त्यांना असं सहजासहजी सोडणार नव्हते.

पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं आमचं मराठी घराणं. अमावास्येला मेलकावेरी गावच्या नदीघाटावर अप्पा तर्पणाला बसले. वडील, आजोबा, पणजोबा अशी तिघांची नावं घेऊन तीळ-पाणी सोडायचं. पणजोबांपाशी ते अडले. अशा वेळी नाव सुचवायचं काम आमच्या वाध्यारांचं, म्हणजे पुरोहित गुरुमूर्तींचं. तीस वर्षं ही नावं त्यांच्या तोंडात आहेत.

"मजही सुचेना कीं," ते म्हणाले आणि कसंनुसं हसले.

मलाही आठवेना. घरी येऊन वही उघडली. 'पणजोबा' असं लिहिलेलं होतं, पुढची जागा कोरी. कागद उजेडात धरून पाहिला. खोडल्याची खूण नव्हती.

मी हट्टाला पेटले. आठ दिवस अप्पांच्या लहानपणच्या गोष्टी उकरून काढल्या. नवव्या दिवशी इडली खाता खाता ते एकदम म्हणाले, "वेंकटराव!"

धावत जाऊन वही पाहिली. माझ्याच निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात नाव होतं. बोट फिरवलं, शाई वाळलेली होती.

कारण मला माहीत नाही. उपाय मात्र कळला: अप्पांनी विसरता कामा नये. मी गजर पाचचा केला.

परवा सकाळी त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारलं.

"तूं कोण मा?"

"तुमची लेक, अप्पा. मी..."

पुढे काही आलंच नाही.

पर्समधून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. फोटो माझा होता. खाली नुसती पांढरी पट्टी.

मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"आठवा, अप्पा. माझें नांव सांगा. तोवर मी उठणार नाहीं."

भीती एकच होती. त्यांनी चुकीचं सांगितलं, तर ते मला कळणार नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला ते हसले.

"नागलक्ष्मी."

ओळखपत्रावर तेच छापलेलं होतं. मी ते तीनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटलं.

दारातून गुरुमूर्तींनी हाक मारली, त्याच नावानं.

मी ओ दिली.