घंटेवरचं नाव

लाईट गेलीच हाय, तर बसा इथंच. देवरावची गोष्ट सांगतो. इतवारीत भांड्यायवर नावं घालायचा तो, छिन्नी-हातोडीनं. माझ्या ठेल्याजवळच बसे.

त्याच्या उन्नतीचं लग्न ठरलं. लेकीले आपल्या हातानं नाव घातलेली समई द्यायची, म्हणून त्यानं भंगारातून काशाची एक जुनी घंटा घेतली. मीच ठेल्यावर घरी पोचवली. घंटेवर परदेशी नाव होतं. उन्नतीनं फोटो काढून मोबाईलात शोधलं.

"बाबा, हे फ्रान्सचं लढाईचं जहाज होतं. अडीचशे वर्षांआधीचं. नवंकोरं निघालं अन् चारच वर्षांत मद्रासकडं बुडालं. सारे खलाशी घेऊन."

हासून राहिला, प्रीतम? हास. नागपुरात जहाज म्हणून देवरावही हासला होता.

इतवारीची रीत हाय, पहिलं नाव खोडल्याबिगर भांडं भट्टीत टाकत नाहीत. त्यानं नाव घासलं. ओताऱ्याकडून समई ओतून आणली. बुडाशी 'उन्नती' घातलं.

मागच्या माघातली अमावस्या. घरी बापलेकच. दोनच्या सुमारास घंटा वाजली.

घंटा तर राहिलीच नव्हती...

मंग हाक आली. दुरून. माणसं लय, आवाज एक.

"उन्नती..."

रात्री पहिल्या हाकेले ओ देऊ नये. पोरीनं झोपेतच दिली.

उठली. डोळे मिटलेले. दाराकडं चालली. देवरावनं हात धरला. हात गार... अन् ओढ अशी, जशी पुराच्या पाण्याची.

"थांब वं माय."

"त्यायले घरी जायचं हाय, बाबा. मले बोलावून राहिले."

तवा त्याले उमगलं. त्यायच्या जहाजाचं नाव आपणच पुसलं. त्याच धातूवर लेकीचं घातलं. ते आता तिलेच जहाज समजून राहिले...

ओढणीनं तिचा हात त्यानं आपल्या कमरेले बांधला. समईवरचं 'उन्नती' खरवडलं. मोबाईलातला घंटेचा फोटो पुढ्यात ठेवला. ती परदेशी अक्षरं त्याले वाचता येत नव्हती. रांगोळीसारखी पाहून पाहून कोरली.

एक अक्षर. हाक अंगणात.

आणखी एक. हाक उंबऱ्यावर.

ओढणी ताणली...

शेवटचं अक्षर.

...

काहीच नाही.

लग्न झालं. पोरगी धरमपेठेत सुखात हाय. समई देवरावनं दिली नाही, आपल्यापाशीच ठेवली.

पण त्या सकाळी उन्नतीची वेणी ओली होती. वाळली तशी पांढरी दिसाले लागली. देवरावनं बोट लावून जिभेवर ठेवलं.

खारट.