कोरा ट्रॅक

तो दिवा राहू द्या तसाच. माझं तोंड दिसत असलं की मला थापा मारता येत नाहीत, आणि ही गोष्ट मला थापा न मारता सांगायची आहे.

त्या दिवशी सकाळी मी मॉडेलरला लावायच्या दोन केबली आणायला दुकानात गेलो होतो. इतकी साधी सुरुवात. दुकानदार जुना ओळखीचा. म्हणाला, "काय मास्तर, तुम्ही आणि मॉडेलर? त्याला तर तुम्ही खेळणं म्हणायचात!" मी हसून वेळ मारून नेली. मॉडेलर म्हणजे पायाशी ठेवायचं एक चपटं यंत्र. नाना तऱ्हेच्या गिटार अ‍ॅम्पचे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्यांचे, आवाज त्यात भरलेले असतात. माझा स्वतःचा धिप्पाड अ‍ॅम्प होता की घरात. पण तो घेऊन स्टुडिओत जायचं म्हणजे चार लोकांसमोर वाजवायचं. घरून वाजवून पाठवलं तर हात कुणाला दिसत नाही.

हाताचं सांगतो. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट गाडीच्या दारात चेमटलं होतं. सूज उतरली, बोट काही वळेना. बायकोला सांगितलं, झालं बरं. बाईंना तर काहीच सांगितलं नाही. बाई म्हणजे आमच्या संगीतकार. त्यांच्या नव्या चित्रपटात गिटारचा एक पळता तुकडा होता, शेवटी सरसर वर चढत जाणारा, आणि तो मीच वाजवणार असं त्या सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. गिटारवाल्याचं बोट गेलं, एवढी कुणकुण लागली असती तरी मला पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

मॉडेलर माझ्या मेहुण्याचा. बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याकडेच शिकला. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि दवाखान्यातच गेला. 'दाजी, दाजी' करत माझ्या मागेमागे असायचा, आणि मी त्याला चारचौघांत म्हणायचो, "तुझ्या हातात गिटारपेक्षा हातोडी शोभेल." तोही हसायचा बिचारा. बायकोनं ते यंत्र कपाटातून काढून दिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "निदान तुमच्या हातून तरी वाजू दे," म्हणाली. मला मान वर करवेना.

दुपारी मी आतल्या खोलीत बसलो. खिडकीला जाड पडदे, भिंतींना फोम. दार लावलं की भरदुपारीही तिथे मिट्ट काळोख, आणि आपलाच श्वास आपल्या कानात वाजतो. जोडणी सोपी. गिटारची वायर मॉडेलरमध्ये. मॉडेलरमधून यूएसबीची वायर कॉम्प्युटरला. मागच्या दोन भोकांतून दोन केबली दोन मॉनिटरना, म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरना. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. मॉनिटर सगळ्यात शेवटी चालू करायचे, नाहीतर असा धप्प आवाज होतो की कानठळ्या बसाव्यात. यंत्र जरा तापलं तसा त्याला वास येऊ लागला. धुळीचा असेल म्हटलं. पण तो धुळीचा नव्हता, दवाखान्यातल्या स्पिरिटचा होता.

एक सूर छेडला. दोन ऐकू आले.

मला हसूच आलं. ही तर नवशिक्यांची चूक! एक आवाज मॉडेलरमधून थेट मॉनिटरला जातो, दुसरा कॉम्प्युटरमधून फिरून किंचित उशिरा येतो. सॉफ्टवेअरमधलं एक बटण बंद केलं की झालं. या चुकीवरून मी शिष्यांची यथेच्छ टर उडवलेली आहे. बटण बंद केलं आणि पुन्हा सूर छेडला.

पुन्हा दोन.

मग यूएसबीची वायरच उपटली. आता कॉम्प्युटरचा काही संबंधच उरला नाही. सूर छेडला... आणि माझ्या मागोमाग, अगदी दबकत, दुसरा आला.

"बिघडलंय हे," मी मोठ्यानं म्हणालो. फोमनं माझा आवाज गिळून टाकला. तेव्हाच उठून बाहेर यायला हवं होतं. पण बाईंना संध्याकाळच्या आत तुकडा हवा होता, आणि नाही म्हणायला काय कारण सांगणार होतो? वायर परत लावली. रेकॉर्डिंग सुरू केलं. वाजवत गेलो, आणि चढावर बोट अडकलं. सूर गळाले, तार खरखरली. मी थांबलो.

मॉनिटर थांबले नाहीत. तो मागचा आवाज चढ चढून सरळ वर गेला, एकही सूर न सांडता, आणि शेवटच्या सुरावर थरथरत राहिला. माझे दोन्ही हात मांडीवर होते हो...

शर्ट घामानं पाठीला चिकटला. कसंबसं रेकॉर्डिंग उघडून पाहिलं. हे यंत्र कॉम्प्युटरला दोन ट्रॅक पाठवतं. एक सजवलेला, त्यावर अ‍ॅम्पचा आवाज चढवलेला. दुसरा कोरा, नुसत्या तारांचा. तारा त्याच, त्यामुळे दोन्हीकडे सूरही तेच असणार. कोऱ्या ट्रॅकवर माझी चूक होती, खरखर होती, मग शांतता. सजवलेल्यावर अख्खा तुकडा होता, बिनचूक.

आणि मी काय केलं असेल? तो सजवलेला ट्रॅक माझ्या नावानं बाईंना पाठवून दिला. आत्ता सांगतानाही कानशिलं तापतात.

थोड्याच वेळात बाईंचा फोन. "अहो मास्तर, काय वाजवलंयत! इतक्या वर्षांत असा हात लागला नव्हता तुमचा!" बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा फुलला. "त्याचं यंत्र लाभलं तुम्हाला," ती हळूच म्हणाली, आणि मी निर्लज्जासारखी मान डोलावली.

"आता असं करा," बाई म्हणाल्या, "तो कोरा ट्रॅकही पाठवा. सजावट मी इथे माझ्या पद्धतीनं करून घेते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, कोरा ट्रॅक सगळेच मागतात. चोरी करताना मीच ते विसरलो होतो.

परत आत जाऊन बसलो. वाजवून वाजवून पाहिलं. बोट दरवेळी तिथेच अडकायचं. मागचा आवाज दरवेळी वर जायचा, पण कोऱ्या ट्रॅकवर माझीच फजिती. शेवटी मी हात जोडले. हो, मॉनिटरपुढे! "बाबा रे," कुजबुजलो, "एवढा एक कोराही वाजवून दे... मग नाही काही मागणार..." गिटार मांडीवर उताणी ठेवली, हात काढून घेतले. स्पिरिटचा वास दाटून आला. मांडीवरचं लाकूड गार पडत गेलं... तार मात्र हलली नाही.

तेव्हा मला रडू फुटलं. ज्या पोराला हातोडी दाखवत आलो त्याच्यापुढे मी पदर पसरला होता, आणि तिकडे त्याची बहीण माझं कौतुक करत होती. पुरे झालं, म्हटलं. दुपारचा तो पहिला कोरा ट्रॅक, चुकांसकट, बाईंना पाठवला. खाली लिहिलं, "माझं बोट वळत नाही. आधीचं मी वाजवलेलं नाही. माफ करा."

जिवाला जरा हलकं वाटलं. आता बायकोलाही सांगून टाकू म्हणून उठलो, तोच फोन वाजला.

"मास्तर, ही काय थट्टा?" बाईंचा आवाज नेहमीचा नव्हता. "चुका कुठायत यात? कोरा ट्रॅक अख्खा आहे. स्वच्छ..."

"नाही हो बाई, तो चढ..."

"चढही आहे. पण मास्तर... तुकडा संपल्यावर हे कोण बोलतंय? तुम्ही माइक लावला होतात?"

माइक घरातच नव्हता. त्या वायरीतून तारांच्या सुरांखेरीज काही जातच नाही.

"काय... काय म्हणतोय?"

बाईंनी तो शेवट पुन्हा लावून ऐकला.

"कुणी तरुण मुलगा आहे. कुजबुजतोय. मला म्हणतो, 'बाई, दाजींचं बोट आता वळायचं नाही. यापुढे मीच वाजवत जाईन... पण त्यांना सांगू नका हं. त्यांना फार लाज वाटेल.'"