पुढच्या कार्बोरेटरमधला श्वास

ऋताचा फोन आला तेव्हा धाकू परब मुलुंडच्या आपल्या गॅरेजात एका टेम्पोखाली आडवा पडला होता. दुपारचे अडीच वाजले असतील. फोन कानाला लावून तो पाठीवरच सरपटत बाहेर आला.

"धाकूकाका, मी फोन केला हे आईला सांगू नका," ऋता म्हणाली. लग्न झाल्यापासून ती पवईला राहायची. "बाबांची गाडी एकदा येऊन बघा. नीट होत असेल तर नीट करा. नाहीतर कायमची बंद करून टाका."

"का गं? काय झालं गाडीला?"

"गाडीला काही नाही झालं. आईला होतंय. रोज चार वाजता गॅरेजमध्ये जाते, शटर लावते आणि गाडी चालू करून बसते. शेजारच्या कुंदामावशींना ती दोनदा तिथे चक्कर येऊन पडलेली सापडली. विचारलं की म्हणते, बॅटरी उतरू नये म्हणून चालू करते."

धाकू उठून बसला. बंद जागेत इंजिनाचा धूर कोंडला की माणसाला गोड झोप लागते आणि त्या झोपेतून तो उठत नाही, हे त्याच्या धंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

"आजच जातो," तो म्हणाला.

ती गाडी म्हणजे धाकूच्या उमेदीची चार वर्षं होती. छप्पन्न सालची, विलायती, दोन सीटांची, उघड्या टपाची. ऋताच्या बाबांनी, बाळ टिपणिसांनी, ती अंधेरीच्या एका बंगल्यामागून आणली तेव्हा तिला गाडी म्हणणंही धाडसाचं होतं. सांगाडा टेम्पोत आला आणि बाकीचं सगळं तीन गोण्यांमधून. टिपणीससाहेब इंजिनिअर, पण हात पुस्तकी. दर रविवारी ते चष्मा पुसत पुस्तकातून मोठ्यानं वाचायचे आणि धाकू त्याप्रमाणे हात घालायचा. एका नटासाठी दोघं अख्खा चोरबाजार पालथा घालून आले होते. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी साहेबांनी धाकूला मिठी मारली होती, ग्रीसच्या कपड्यांसकट.

मग साहेबांना तो आजार झाला. फुप्फुसं आतून घट्ट होत गेली, दगडासारखी. दोन वर्षांपूर्वी ते गेले. दहाव्याला जाऊन आल्यानंतर धाकूनं त्या घराकडे पाय वळवला नव्हता. साहेबांच्या बायकोला, वसुधावहिनींना, तोंड दाखवता आलं असतं एक वेळ. गाडीकडे बघवलं नसतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना तो पोचला. दोन्ही बाजूंना टॉवर उठले होते आणि मध्ये टिपणिसांचा बंगला खालमानेनं बसल्यासारखा दिसत होता. जानेवारीतली दुपार, पण टॉवरांच्या सावलीमुळे अंगणात आत्ताच संध्याकाळ झाली होती. वसुधावहिनींनी दार उघडलं. त्या वाळून अर्ध्या झाल्या होत्या.

"धाकूभाऊ, तुम्ही? ऋतानं पाठवलं ना?"

धाकूला खोटं बोलता येत नसे. तो हातांवरचं ग्रीस पुसू लागला.

"पाठवू दे. या. चहा घेणार?"

"आधी गाडी बघतो, वहिनी."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला आले होते. "चला," त्या म्हणाल्या, जराशा घाईनंच.

गॅरेजचं शटर वर केल्याबरोबर धाकूच्या नाकात जळक्या पेट्रोलचा शिळा वास शिरला. त्याच्याखाली आणखी एक वास होता, स्पिरिटचा, औषधांचा, खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीचा. शटरच्या कडेला जुन्या चादरींच्या गुंडाळ्या करून ठेवल्या होत्या.

"ह्या कशाला?"

"घुशी येतात," वहिनी म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

गाडीवर मात्र धुळीचा कण नव्हता. बाटलीच्या काचेसारखा तो हिरवा रंग तसाच होता. बॉनेटच्या बाजूला एक लाकडी खुर्ची मांडलेली होती. धाकूनं बॉनेट उघडलं, तेल बघितलं आणि चावी फिरवली. इंजिन लागलं, पण ठेचकाळत. त्याच्या लगेच ध्यानात आलं.

या गाडीला दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन एका सुरात चालतं, एकानं जास्त ओढली की लंगडतं. ते मोजायची यंत्रं मिळतात. धाकूचं यंत्र म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. त्यानं आधी मागचा ऐकला. सूंऽऽ असा एकसारखा, स्वच्छ आवाज. मग नळी पुढच्यावर नेली. इथे आवाज जाडसर होता, थोडा फाटलेला. कुठल्यातरी फटीतून हवा चोरतोय, त्याच्या मनात आलं. त्यानं डोळे मिटले आणि कान देऊन ऐकू लागला.

मिटलेल्या पापण्यांवरचा उजेड कमी झाला, हे त्याला जाणवलं. पण आवाज बदलला होता, म्हणून त्यानं डोळे उघडले नाहीत.

नळीतून कुणीतरी श्वास घेत होतं.

आत... मग थोडं थांबणं... पुन्हा आत, अपुरा... आणि मग घशात अडकत, चिरफाळत बाहेर. पुन्हा आत... थांबणं...

कार्बोरेटर हवा फक्त आत ओढतो. बाहेर सोडत नाही. चाळीस वर्षांत एकही कार्बोरेटर त्यानं उच्छ्वास टाकताना ऐकला नव्हता. आणि हा उच्छ्वास नुसता ऐकू येत नव्हता. नळीतून तो त्याच्या कानाच्या भोकात ऊन ऊन लागत होता.

त्यानं डोळे उघडले. गॅरेजात अंधार होता. वहिनींनी शटर खाली ओढलं होतं आणि त्या वाकून चादरी फटीला लावत होत्या, अगदी रोजच्या सवयीनं, देवापुढची रांगोळी काढावी तशा.

धाकूनं झडप घालून चावी बंद केली, चादरी पायानं उडवल्या आणि शटर पार वरपर्यंत फेकलं. बाहेरची हवा आत आली. त्याला खोकल्याची उबळ आली.

"ऐकलंत ना?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी. "मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय."

धाकू पायरीवर बसला. वहिनी खुर्चीत बसल्या.

"शेवटचे अकरा दिवस मी ह्यांच्या उशाशी होते," त्या सांगू लागल्या. "रात्रंदिवस. तो श्वास मोजत. त्या पहाटे ह्यांना जरा डोळा लागला, म्हणून मी बाजूच्या खोलीत जाऊन पडले. एकच तास, धाकूभाऊ. उठून आले तर सगळं संपलं होतं. हात गळ्याशी होता. हाक मारली असेल का... कुणास ठाऊक. अकरा दिवसांतला तेवढाच एक तास मी नव्हते."

"वहिनी..."

"गेल्या दिवाळीत सहज गाडी सुरू केली. पाऊस होता म्हणून शटर लावलेलं. तेव्हा ऐकलं. तोच श्वास. माझ्या ओळखीचा, थांबण्यासकट. शटर उघडलं की जातो. म्हणून लावून घेते." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "आता एकटे नाहीत ना ते. मी असते. आणि हल्ली... हल्ली बोलतात पण."

"काय बोलतात?"

"ये, म्हणतात. एवढंच."

समोरच्या टॉवरमधल्या कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. धाकूला साहेब आठवत होते.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका," तो म्हणाला. "एकदा पावसात मी शटर अर्धं लावून ही गाडी चालू केली होती. साहेब चहा टाकून धावत आले. मला दंडाला धरून बाहेर ओढला आणि असे ओरडले... उभ्या जन्मात माझ्यावर तेवढं एकदाच ओरडले. म्हणाले, मरायचंय का तुला? तुझ्या बायकोला काय सांगू मी?" त्यानं समोरची चादर आणखी लांब सरकवली. "परक्या माणसासाठी हे. तुम्ही तर... साहेब असते ना, तर त्यांनी तुम्हाला आधी शटर उघडायला लावलं असतं. ये म्हटलं नसतं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सुटकेचं काहीतरी विरघळून गेलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि त्या रडल्या. गेली दोन वर्षं कुणासमोर रडल्या नसाव्यात, अशा.

"मग कोण आहे तो?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

धाकूनं बॉनेटकडे पाहिलं.

"असू दे कुणी पण," त्यांनी डोळे पुसले. "मला ह्यांना एक सांगायचं होतं. दुसरीकडे कुठे सांगू? एकदाच सांगू दे. मग तुम्ही काय करायचं ते करा."

धाकूला ते पटलं नाही. पण नाही म्हणणंही जमलं नाही. त्यानं इंजिन सुरू केलं, नळी त्यांच्या हातात दिली आणि शटर गुडघ्यापर्यंत खाली आणून स्वतः त्याला धरून उभा राहिला, मनात अंक मोजत. साठच्या वर एकही आकडा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. अंधारात वहिनी वाकल्या. नळीचं टोक त्यांनी कानाला लावलं. थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग तेच टोक ओठांशी नेलं, लहान मुलं दोऱ्याच्या फोनवर बोलतात तसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी झोपले होते हो. खूप दमले होते. मला... मला जाग नाही आली."

अठ्ठेचाळीस झाले होते. धाकूला आणखी थांबवेना. त्यानं शटर वर ढकललं. वहिनी सरळ उभ्या राहिल्या, नळी त्याच्या हातात दिली आणि मागे न बघता घरात गेल्या.

त्यानं पुढचा कार्बोरेटर खोलला. आत घाण नव्हती, गंज नव्हता. बुडाचं पॅकिंग एका बाजूनं फाटलं होतं, नखभर. एवढंच. नवीन पॅकिंग त्यानं कापून बसवलं, कार्बोरेटरच्या डोक्यातलं तेल बदललं, हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा नट एकेक पैलू फिरवत आणला. इंजिनाचा लंगडा सूर हळूहळू सरळ झाला. मग त्यानं मन घट्ट करून शटर स्वतःच पुरतं खाली ओढलं आणि नळी लावली. मागचा, सूंऽऽ. पुढचा, सूंऽऽ. दोन्ही अगदी जुळ्यासारखे. त्यानं शटर उघडलं आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

दिवे लागायच्या आत तो वहिनींना शेजारी बसवून जवळच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेला. टप उघडा होता. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस सुटले. त्या एकच वाक्य बोलल्या, "ह्यांना तिसऱ्या गियरमध्ये वळण घ्यायला आवडायचं." धाकूनं तिसऱ्या गियरमध्ये वळण घेतलं.

महिन्याभरात वहिनी पवईला लेकीकडे राहायला गेल्या. चक्कर यायची थांबली, जेवण वाढलं, ऋता फोनवर हसून बोलली. गाडी देऊन टाकायचं वहिनींनीच ठरवलं. मढला चंद्रप्रकाश नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा बंगला शूटिंगला भाड्यानं जायचा आणि जुन्या गाड्यांचं त्यांना वेड होतं. चैत्रात एका सकाळी धाकू गाडी तिकडे घेऊन गेला. वाटेत तिनं एकदाही त्रास दिला नाही.

बंगल्याला गॅरेज नव्हतं. नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड, चारी बाजूंनी उघडी, आणि पलीकडे समुद्र. इतका वारा होता की बोललेलं उडून जात होतं. चंद्रप्रकाशांनी हौसेनं विचारलं, "हे नळीचं ट्यूनिंग कसं करता, दाखवा ना." धाकूनं हसून बॉनेट उघडलं आणि इंजिन सुरू केलं. भर सकाळचं ऊन होतं. त्यानं मागचा कार्बोरेटर ऐकला, पुढचा ऐकला. दोन्ही सारखे. मान हलवून तो नळी काढणार, एवढ्यात त्या सुराच्या आतून, अगदी जवळून, कुणीतरी त्याच चिरफाळत्या श्वासानं हाक मारली.

"धाकल्या..."

धाकू वाकलेलाच राहिला.

"ठीक आहे ना सगळं?" चंद्रप्रकाश विचारत होते.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्यानं बॉनेट लावलं. "फक्त... कान लावून ऐकत बसू नका. गाडी चालवा. चालवत राहा."

बसनं परत येताना तो खिडकीशी बसला होता आणि कंडक्टरनं दोनदा विचारूनही त्याला ऐकू आलं नाही. धाकल्या हे त्याचं नाव मालवणच्या घरात त्याची आई घ्यायची. ती गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर ते नाव कुणी घेतलं नव्हतं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, वहिनींना नव्हतं, त्याच्या बायकोलासुद्धा त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

पण तो आवाज आईचा नव्हता.