समंजस पोलाद

पंप चौथ्यांदा बंद पडला, आणि डायल गेजचा काटा गुमान शून्यावर येऊन बसला.

तातोबा चौगुले त्याच्याकडे बघतच राहिले. पंप जागचा केसभर सरकला तरी दाखवणारा हा गेज त्यांनी स्वतः पंपाच्या तोंडापाशी लावला होता. पंप सुरू झाला की काटा हळूहळू सरकायचा, पंप बंद पडला की माघारी यायचा. चाळीस वर्षं पंप बसवण्यात घालवलेला माणूस, पण असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. चंद्रावरच्या या वस्तीत ते हट्टानं आले होते. एकुलती मुलगी छाया इथं डॉक्टर होती आणि तिला सातवा महिना लागला होता.

"बाई, तुमचा नळ पंपाला ओढतोय."

"शक्य नाही, काका," शर्वरी उपासनी म्हणाली. पंपाला जोडलेल्या नळाचा धातू तिनंच घडवला होता. "तो ताण घालवतो. ताण देत नाही."

आता हा ताण म्हणजे काय, ते कुठलाही जुना फिटर सांगेल. नळ पंपापाशी आपणहून आला पाहिजे, बोल्ट बोटानं आत सरकले पाहिजेत, नळाचं वजन खालच्या आधारानं पेललं पाहिजे. बोटभर फट राहिली म्हणून साखळी-कप्पी लावून नळ ओढून बांधलात, की तो जन्मभर पंपाला छळतो. शाफ्ट वाकडा चालतो, बेअरिंग जळतं. आणि उतावळे लोक नेमकं तेच करतात! म्हणून शर्वरीनं समंजस पोलाद बनवलं. ते कणाकणात ताण मोजायचं आणि स्वतः तसूभर सरकून तो शून्य करायचं.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला थंड ठेवणारा हा एकच पंप. तो चालला नाही, तर एकतीस माणसांना नऊ तास पुरेल एवढीच हवा होती.

"त्याला हुकूम काय दिलाय तुम्ही?" तातोबांनी विचारलं.

"एकच. ताण शून्य कर. आणि ज्यानं ताण कमी झाला, ते लक्षात ठेव."

"पंप चालला की नळात दाब येतो, थरथर येते. त्यो बी ताणच की!"

शर्वरीनं थांबलेल्या पंपाकडे पाहिलं.

"आन् पंप बंद पडला की?"

"शून्य," ती पुटपुटली.

तातोबांनी कपाळावर हात मारला. "मग कळलंय त्याला! पंपाला जरा वाकडं ओढलं, की त्यो बंद पडतोय. भलतंच डोकेबाज हाय तुमचं पोलाद." ते हसले खरे, पण हसता हसताच त्यांनी कटर उचलला.

त्यांनी तो नळ भिंतीपासून कापून काढला. भंगारातलं साधं पोलाद घेऊन, पंपाकडून सुरुवात करत, खाली पक्के आधार देत नवा नळ उभारला. शेवटचा जोड पंपापासून लांब, भिंतीपाशी ठेवला, आणि तिथं मध्ये रबरी तुकडा घातला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. सहा तास लागले. पंप सुरू झाला, काटा हलला नाही. तातोबांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच छायाला फोन लावला. "पोरी, हवा हाय. निवांत पड."

शर्वरी मात्र भिंतीपाशी उभी होती, जुन्या नळाच्या कापलेल्या तोंडाला हात लावून.

"काका, हे पोलाद एकमेकांना चिकटलं असलं, की एकानं शिकलेलं दुसऱ्यालाही येतं."

"मग? नळ तर काढला आपण."

"आठ महिने तो या भिंतीला वेल्ड केलेला होता. आणि भिंतही त्याच पोलादाची आहे. अशनींचे पोचे आपोआप भरावेत म्हणून."

"भिंतीला कसला आलाय ताण? ती काय पंपाला बांधलीय?"

"बाहेर पोकळी आहे. आत भरलेली हवा तिला अहोरात्र बाहेर ढकलते. हा ताण कसा घालवायचा, ते तिला आजवर माहीत नव्हतं." तिनं नळावरचा हात काढून घेतला. "आज नळानं शिकवलं. ताण जिथून येतो, ते बंद पाड. म्हणजे इथं, हवाच बाहेर सोड."

तातोबांनी वेल्डिंगची कांडी उचलली. "भोक दावा. आत्ता वेल्ड मारतो."

तिनं भिंतीतला ताण दाखवणारा संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वस्तीची सगळी भिंत, इंच न् इंच, एकसारखी फिकी होत चालली होती. "एक भोक नाहीये, काका. सगळीकडे बारीक रंध्रं पडतायत."

त्यांनी पुन्हा फोन उचलला. छायाला सांगायचं होतं, आधी तो बाहेर पोकळीत जायचा पोशाख चढव. नंबर लावला, आणि घंटी वाजत असतानाच त्यांच्या ध्यानात आलं. सातव्या महिन्याच्या पोटावर तो पोशाख बसणार कसा?

"बाबा?" पलीकडून छाया म्हणाली. "काय हो, बोला ना."

तातोबांना तिचं बोलणं नीट ऐकूच येईना. एसटी घाट चढायला लागली की बसतात, तसे त्यांच्या दोन्ही कानांना दडे बसले होते.