सोळावा जॉइंट

मीटरवरचा आकडा दोनदा खाली गेला आणि पुन्हा जागेवर आला. दोन्ही वेळा साधारण अर्धा सेकंद. मधलं अंतरही तेवढंच.

एवढंच झालं.

पण ज्या दुपारी हे झालं, त्या दुपारी त्या केबलच्या दुसऱ्या टोकाशी कुणीही नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. ही हकिकत रंगवलेली नाही. माणसांची नावं बदलली आहेत, आकडे बदललेले नाहीत. ज्यांना आकड्यांवर विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी इथेच थांबावं.

फेब्रुवारीतला चौथा रविवार. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. ठिकाण पुणे, बिबवेवाडी.

अमावास्या नव्हती. वीजही गेलेली नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

बिबवेवाडीत आतल्या गल्लीत एक बंद पडलेलं मंगल कार्यालय आहे. त्याचे मालक सर्जेराव. त्यांनी ती जागा भाड्याने दिली आणि तिथे इंटरनेट एक्स्चेंज उभं राहू लागलं. म्हणजे अशी एक खोली, जिथे शहरातल्या सगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या केबल एकमेकींना भेटतात. अशी खोली जवळ नसली की पुण्यातल्या पुण्यात पाठवलेली गोष्टही बऱ्याचदा मुंबईला जाऊन परत येते. साध्या ईमेलला ते चालतं. एआयची मोठी यंत्रं चालवणाऱ्या कंपन्यांना चालत नाही. त्यांना उत्तर तत्काळ हवं असतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत बॅटऱ्या होत्या. 'वरपक्ष' मध्ये जनरेटर.

"लग्नं व्हती तवा बरं व्हतं बाई," सर्जेराव म्हणायचे. "आवाज तेवढाच व्हता, पन निदान जेवाया तरी मिळायचं."

'बाई' म्हणजे उत्कर्षा. वय अडतीस, मूळची यवतमाळची, या एक्स्चेंजची इंजिनिअर. गेलं दीड वर्ष तिने इथे काढलं होतं. अलीकडे तिला झोप लागायची नाही आणि जागंही राहवायचं नाही. डबा उघडायचा, दोन घास खायचे, बंद करायचा. असं चाललं होतं.

कारण कचरूभाऊ.

कचरूभाऊ केबल जोडणारे. फायबरमधली काच केसाएवढी बारीक असते. दोन टोकं वितळवून एकमेकांना चिकटवायची, याला जॉइंट म्हणतात. प्रत्येक जॉइंटमध्ये थोडा प्रकाश वाया जातो, तो लॉस. दुसऱ्यांच्या जॉइंटमध्ये ०.०५, ०.०८ असं काहीही यायचं. कचरूभाऊंचा कायम ०.०२. आकडा बघून सांगता यायचं, हा त्यांचा हात.

एक्स्चेंजला दुसरी वाट हवी होती. एक केबल तुटली तर दुसरी चालू राहावी म्हणून. त्याशिवाय एकही एआय कंपनी जोडून घ्यायला तयार नव्हती. ही दुसरी केबल कालव्याकडच्या रस्त्याखालून जात होती. तिथे जमिनीखाली अकरा नंबरचा चेंबर. एक्स्चेंजपासून दोन हजार एकशे चाळीस मीटर. आत चोवीस काचा जोडायच्या होत्या. रस्ता वर्दळीचा, त्यामुळे झाकण उघडायची परवानगी फक्त रविवारी, दहा ते चार.

चेंबरमध्ये फोनला रेंज नसायची. म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. चेंबरच्या पलीकडे, केबल जिथे संपते त्या डेटा सेंटरमधून प्रकाश कायम सोडलेला असायचा. जॉइंट झाला की तो उत्कर्षाच्या मीटरवर दिसायचा. मग कचरूभाऊ ती काच बोटाभोवती हलकेच दोनदा वाकवायचे. प्रकाश दोनदा मंद व्हायचा.

म्हणजे, झालं, बघा.

उत्कर्षा आकडा बघायची आणि पेनासारख्या यंत्राने काचेत लाल लेझर एकदा मारायची. खाली चेंबरच्या अंधारात ती काच क्षणभर लाल व्हायची.

म्हणजे, बरोबर आहे, पुढचा घ्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी पंधरा जॉइंट झाले. मग कचरूभाऊ शिडीवरून अर्धे वर आले आणि त्यांनी उत्कर्षाला फोन केला. एक वाजून बारा मिनिटं. बोलणं चाळीस सेकंदांचं. त्यानंतर काहीच नाही.

साडेतीनला त्यांना वर काढलं. आतली हवा विषारी झाली होती. हवा तपासायचं यंत्र त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होतं. वर उभं राहायचा माणूसही तिकडेच नेला होता.

पोलिसांनी चेंबर सील केला.

कंपनीने एक कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं, 'सदर कर्मचारी कोणालाही न कळवता, स्वतःच्या जबाबदारीवर खाली उतरला व थांबला.' कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर तो द्यायचा होता. खाली उत्कर्षाची सही हवी होती.

ती रोज कागद बाहेर काढायची. रोज परत आत ठेवायची.

तर, चौथा रविवार.

खोलीत ती एकटीच होती. केबलना चिठ्ठ्या लावत होती. सोळाव्या काचेला मीटर त्या दिवसापासून तसंच लावलेलं. कुणी काढलंच नव्हतं. काच मेलेली. पडदा कोरा.

मग मीटर वाजलं…

पडद्यावर आकडा होता.

तिने वर पाहिलं. आकडा दोनदा खाली गेला आणि परत जागेवर आला.

दीड वर्षाची सवय. हात विचारायला थांबत नाही. तिने लाल पेन उचललं आणि एकदा मारलं.

मारल्यावर तिला कळलं, आपण काय केलं.

ती पेन हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने हिशोब केला. लॉस ०.०२.

बरोबर बारा मिनिटांनी तिने सतराव्या काचेला मीटर लावलं. लावायला नको होतं, असं ती आजही म्हणते. बारा मिनिटं हा कचरूभाऊंचा एका जॉइंटचा वेळ.

सतराव्या काचेतही प्रकाश होता…

दोनदा मंद झाला.

या वेळी तिने उत्तर दिलं नाही. पेन टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं. बारा मिनिटांनी प्रकाश पुन्हा दोनदा मंद झाला. आणखी बारा मिनिटांनी पुन्हा. घाई नाही, चिडचिड नाही. खाली बसून कुणीतरी वाट बघत होतं.

चार वाजता थांबलं. परवानगी चारपर्यंतच होती.

सोमवारी दुपारी ती सर्जेरावांना घेऊन कालव्यावर गेली. एकटीने जायची हिंमत नव्हती. चेंबरचं झाकण जागेवर होतं. लाखेचं सील अखंड. पंचांच्या सह्यांची कागदी पट्टी तशीच, वर आठवड्याची धूळ. एका बोटाचाही ठसा नाही.

"कुनी उघडलेलं नाय हे," सर्जेराव म्हणाले. "माणसाचं काम न्हाय. चला आता."

उत्कर्षाने वाकून झाकणाला हात लावला. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. लोखंड तर हाताला चटका द्यायला हवं होतं…

झाकण गार होतं.

"उगं हात नका लावू बाई. चला म्हणतो ना."

ऑफिसात दत्तप्रसाद सर वाट बघत होते. प्रकल्प त्यांच्या गळ्यात होता. सदाशिव पेठेत राहणारा, आवाज कधीही न चढवणारा माणूस. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खिशात घेऊन फिरायचे. तेही थकलेलेच होते. अठ्ठावीस मार्चला उद्घाटन जाहीर झालं होतं.

"उत्कर्षा, त्या सहीचं काय झालं?"

"वाचतेय, सर."

"एकच पान आहे. आठ दिवस झाले. संथा घेताय का त्याची?"

तिने सोळा आणि सतरा चालू झाल्याचं सांगितलं. सीलचंही सांगितलं. ते बराच वेळ मीटरच्या नोंदी बघत राहिले.

"पुढच्या चेंबरमधून कुणीतरी जोडलं असेल. आपली कंत्राटी माणसं आपल्याला सांगून कधी काम करतात? झालं ना? मग होऊ द्या."

"सर, लॉस बघा. हा हात कचरूभाऊंचा आहे."

"आकड्याला हस्ताक्षर नसतं," ते म्हणाले. पण तिच्याकडे न बघता.

गुरुवारी हेमावहिनींचा फोन आला. कचरूभाऊंची बायको. पुसदजवळच्या गावाहून बोलत होत्या.

"ताई, लोक म्हणून राह्यले का ते कोनाले न सांगता उतरले. ते तसे नव्हते ना. तुमाले फोन केला होता ना त्याईनं शेवटचा? मले सांगा ना, काय म्हणे ते?"

उत्कर्षाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई?"

"कामाचंच बोलणं होतं, वहिनी."

"अस्सं," हेमावहिनी म्हणाल्या. "बरं, ठेवते मग."

त्या चाळीस सेकंदांत कचरूभाऊ म्हणाले होते, "ताई, जीव घाबरून राह्यला माहा. वर येऊ काय?" आणि उत्कर्षा म्हणाली होती, "चारला परवानगी संपते हो भाऊ. नऊच राहिलेत. तेवढे करून टाका." ती चिडून बोलली नव्हती. नेहमीच्या, कामाच्या आवाजात बोलली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर नोकरी जाणार होती, कदाचित गुन्हाही दाखल होणार होता. नाही सांगितलं तर हेमावहिनींना आयुष्यभर असंच वाटणार होतं, की आपला नवरा आपल्याच बेफिकिरीने गेला.

अधिकाऱ्याने मार्चच्या पहिल्या सोमवारी बोलावलं होतं. आदल्या रविवारी दहा वाजता दत्तप्रसाद सर स्वतः खोलीत आले.

"ते लाल पेन कुठंय?"

"सर, नका मारू."

"उत्कर्षा, सात काचा राहिल्यात. तुमच्याकडे दुसरा काही उपाय असेल तर सांगा. चेंबर उघडायला पोलीस दोन महिने लावतील. सगळं बंद पडेल."

दहा वाजून चार मिनिटांनी सतराव्या काचेतला प्रकाश दोनदा मंद झाला. त्यांनी लाल मारलं.

बारा मिनिटांनी अठरावी. लॉस ०.०२.

"बघा," ते म्हणाले. "होतंय."

एकोणिसावीला सोळा मिनिटं लागली. लॉस ०.०४.

उत्कर्षा वहीत आकडे लिहीत होती. दुसरं काही करता येत नव्हतं.

विसावी. तेवीस मिनिटं. ०.०९.

एकविसावी. एकतीस मिनिटं. ०.१५.

कचरूभाऊंनी आयुष्यात असा जॉइंट मारला नसेल. हात थरथरत असल्याशिवाय असा जॉइंट होत नाही. डोळ्यांसमोर अंधारी येत असल्याशिवाय होत नाही. तिने आकडे एकाखाली एक लिहिले होते. त्याचा आलेख काढायची गरज नव्हती.

एक माणूस खाली दमत चालला होता.

पुढची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एप्रिलमध्ये पंचांसमोर अकरा नंबरचा चेंबर उघडला गेला. उत्कर्षा हजर होती. आत पंधरा जॉइंट होते. पंधराच. उरलेल्या नऊ काचांची टोकं सोललेलीसुद्धा नव्हती. मीटरच्या नोंदीत मात्र त्या दोन्ही रविवारांचा सगळा प्रकाश आहे, तारीख-वेळेसकट. तीन तज्ज्ञांनी मीटर तपासलं. मीटरमध्ये दोष नाही. तो प्रकाश कुठून आला, याचं उत्तर आजतागायत कुणी दिलेलं नाही. रविवारी दुपारी उत्कर्षा आता घड्याळ काढून ठेवते. तरीही दर बारा मिनिटांनी तिची मान आपोआप वर होते.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज होता.

बाविसावी काच. पन्नास मिनिटं झाली तरी पडदा कोरा.

मग आकडा आला…

०.३१.

दोघेही पडद्याकडे बघत राहिले. प्रकाश एकदा मंद झाला. बराच वेळ तसाच राहिला. कसाबसा वर आला. पुन्हा खाली गेला. आणि मग स्थिर झालाच नाही. बारीक कापत राहिला. एका लयीत. आत, बाहेर. आत, बाहेर.

श्वासासारखा.

"सर," उत्कर्षा म्हणाली. "दिसतंय ना तुम्हाला?"

दत्तप्रसाद सरांच्या कपाळावर घाम होता. खोलीचं तापमान वीस अंश होतं. त्यांना दिसत होतं. त्यांना सगळं कळलं होतं. तिला त्या प्रकाशापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी लाल पेन तिच्यासमोर धरलं.

"माझ्याच्याने नाही होणार," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मारा. दोनच राहिलेत. तेवढे होऊ द्यात."

नेहमीचा, कामाचा आवाज.

उत्कर्षाने पेन घेतलं नाही. तिने फोन उचलला आणि पुसदचा नंबर लावला. तीन वेळा वाजला. समोर मीटरवरचा आकडा कापत होता.

"हॅलो? ताई?"

"वहिनी, मी त्या दिवशी खोटं बोलले. भाऊंनी मला विचारलं होतं, वर येऊ का म्हणून. मी नाही म्हटलं. मीच त्यांना खाली ठेवलं. उद्या मी कामगार खात्याच्या साहेबांसमोर हेच सांगणार आहे."