जामसिंगच्या नावावरची लाल रेघ

"गोलकीपरबद्दल काय लिहू? लवकर सांगा!" कामिनीने वहीतून मान वर न करता विचारलं.

"लिही, जामसिंग म्हणजे भिंत!" अजित ओरडला. "आणि माझ्याबद्दल लिही, विजेसारखा चपळ!"

"परवा स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारलास, तेही लिहू?"

गोपाळच्या ओट्यावर एकच हशा झाला. मे महिन्याची सुट्टी होती. जिल्ह्यातल्या मुलांच्या ऑनलाइन फुटबॉल लीगमध्ये 'रनाळे रॉकेट्स' थेट अंतिम फेरीत पोचले होते. संघ चौघांचा. मोबाइलवर प्रत्येक जण आपापला खेळाडू खेळवायचा. कप्तान गोपाळ, त्याची चुलतबहीण कामिनी, शेजारचा अजित आणि गोलकीपर जामसिंग. जामसिंग सातपुड्यातल्या काठी गावचा. रनाळ्यात वसतिगृहात राहून तो यांच्याच वर्गात शिके. घरी रेंज नाही, म्हणून अंतिम सामन्यासाठी तो आठ दिवस गोपाळकडे राहायला आला होता.

सामना रविवारी होता. त्याआधी शनिवारी संध्याकाळी सहाला दोन्ही संघांची ओळख लीगच्या पानावर थेट वाचून दाखवणार होते. ती ओळख ज्या त्या संघाने लिहून पाठवायची होती.

"नावं यादीप्रमाणेच लिही," असं म्हणत गोपाळने मोबाइलवर लीगचं पान उघडलं आणि मोबाइल सगळ्यांपुढे धरला.

जामसिंगच्या नावावर लाल रेघ होती! खाली लिहिलं होतं : 'होळीच्या दिवसांत दुसऱ्या संघाकडून तीन सराव सामने खेळला. तिन्हींत पराभूत. संघातून बाद.'

"खोटं आहे!" अजित उठून उभाच राहिला. "आणि चौथा खेळाडू नसेल तर आपल्याला खेळूच देणार नाहीत!"

जामसिंगचा चेहरा मात्र उतरला होता.

"होळीत मी बुध्या होतो, नवस फेडायला नाचणारा," तो हळूच म्हणाला. "आशा, माझी धाकटी बहीण, मोठ्या आजारातून उठली म्हणून मी पाच वर्षांची पाळणी, म्हणजे होळीचं व्रत, घेतलीय. त्या दिवसांत पायात चप्पल नाही, खाटेवर बसणं नाही, जमिनीवरच झोपायचं. मोबाइलला तर मी हातही लावला नाही. मॅच गेली तरी चालेल रे. पण रेंजमध्ये आल्यावर काठीच्या कुणी हे वाचलं तर म्हणतील, जामसिंगने पाळणी मोडली. बाबा काय म्हणतील?"

तेवढ्यात गोपाळची आजी रुक्मिणीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "काय व्हयनं रे पोरेहो? तोंडं कसाले उतरनात?"

गोपाळने सगळं सांगितलं. आजी खाली बसली. तिच्या तरुणपणी रनाळ्यात कबड्डीचा सामना असला की संघाची नावं शाळेच्या भिंतीवर खडूने लिहीत. एखादं नाव पुसायचं तर ओलं फडकं घेऊन साऱ्या गावासमोर पुसावं लागे. चार माणसं लगेच विचारीत, का पुसतोस? आता नुसतं बोट लावलं की नाव गेलं!

"पुसनारले इचारा," आजी म्हणाली.

लीग चालवत होते हेमकांत सर. नंदुरबारला त्यांचा संगणकाचा क्लास होता. पण सर दौऱ्यावर होते आणि फोन लागत नव्हता. खेळाडूंच्या याद्या त्यांचे मदतनीस ललितभाऊ ठेवत. गोपाळने त्यांना फोन लावून सांगितलं, होळीत जामसिंग काठीला होता.

"दोन संघांकडून खेळला तो बाद! नियम म्हणजे नियम!" ललितभाऊ गुरगुरले. "होळीत तो काठीला होता कशावरून? पुरावा आणा!" आणि फोन बंद!

कामिनीने यादीतलं ते नाव दाबून पाहिलं. "अरे, ते सामने कुठून खेळले ते इथे लिहिलंय बघा, संगणक क्रमांक तीन, नंदुरबार केंद्र. म्हणजे क्लासमधलाच! जामसिंग, तू तिथे कधी बसला होतास?"

"एकदाच. नाव नोंदवायला गेलो होतो तेव्हा. मध्येच लाइट गेली आणि आपण निघून आलो."

"म्हणजे तुझं खातं उघडंच राहिलं!" गोपाळ म्हणाला. "पण होळीला तर क्लास बंद असतो. किल्ली कोणाकडे असते?"

"ललितभाऊंकडे!" अजित म्हणाला. "दारावर पाटीच आहे, सुट्टीत किल्लीसाठी ललितभाऊंना फोन करा."

संशय होता, पण पुरावा कुठून आणायचा?

कामिनी वहीकडे बघत बसली. मग तिला हसू फुटलं. "सराव सामन्यांत किती गोल झाले ते पानावर दिसत नाही. नुसतं 'पराभूत' दिसतं. किती गोल खाल्ले, ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. आणि ललितभाऊ आधी न वाचताच धडाधड वाचत सुटतात. मागच्या वेळी शहाद्याच्या संघाची सूचनासुद्धा वाचली होती, 'येथे फोटो लावणे'!"

"मग?"

"मग आता ओळख मी लिहिते!"

शनिवारी सहाला ओट्यावर निम्मी गल्ली जमली. संघांनाही बोलता यावं म्हणून व्हिडिओ कॉल जोडला होता; मोबाइलच्या पडद्यावर ललितभाऊ टेबलामागे बसले होते. शेजारी दौऱ्यावरून नुकतेच आलेले हेमकांत सर होते. ललितभाऊंनी कागद उचलला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"रनाळे रॉकेट्स! कप्तान गोपाळ, उजव्या बाजूने मुसंडी मारतो. मधल्या फळीत कामिनी, तिचा पास चुकत नाही. अजित चपळ आहे, पण कधी कधी दिशा विसरतो."

"कामिनीऽऽ!" अजित ओरडला.

"गोलकीपर जामसिंग. बॉल लांब लाथाडत नाही, हाताने जवळच्या खेळाडूकडे सोडतो. होळीत मात्र त्याच्या नावाने कुणीतरी भलताच खेळला. त्या गोलकीपरने एकेका सामन्यात नऊ-नऊ गोल खाल्ले. गोलमध्ये म्हैस बांधली असती तरी..." ललितभाऊंचा आवाज चढला. "नऊ? नऊ नही, चारच व्हतात! आनि तिसरी मॅचमा तर दोनच गोल..."

ते थांबले.

"ललित," हेमकांत सर म्हणाले, "तुला कसं माहीत?"

ललितभाऊंनी कागद खाली ठेवला. "सर... होळीला क्लास रिकामा होता. तीन नंबरवर खातं उघडं दिसलं. एका संघात खेळाडू कमी होता, म्हटलं बघू खेळून. नंतर दोन संघांत एकच नाव आलं, तेव्हा मला खरं सांगायची लाज वाटली. म्हणून त्याचंच नाव काढलं."

"आणि मुलाला विचारलंही नाहीस?" सरांनी तिथेच पान उघडून लाल रेघ काढली. मग ते थबकले. "काठीचा जामसिंग? अरे, यंदा होळीला मी काठीलाच होतो!" त्यांनी आपल्या मोबाइलमधला फोटो पडद्यासमोर धरला. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं. "या बुध्याबरोबर फोटो काढला होता. हा तूच का रे?"

"हो सर," जामसिंग म्हणाला. "मीच."

"शाबास रे! आणि सगळ्यांनाच शाबास! मोठ्यांनी न केलेली चौकशी तुम्ही केलीत. बोल जामसिंग, आता काय करू?"

जामसिंगने मोबाइल हातात घेतला. "सर, त्या दिवसांत मी खेळलो नव्हतो, एवढं पानावर लिहा. काठीच्या लोकांना वाचता येईल असं."

"मी लिहितो," ललितभाऊ पुढे सरकून म्हणाले. "माझ्या नावानिशी लिहितो. चुकलंच माझं, जामसिंग."

दहा मिनिटांत ते पानावर आलंही. गोपाळने मोठ्याने वाचून दाखवलं. रुक्मिणीबाईने जामसिंगच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कामिनीला म्हणाली, "तू मोठी हुशार शे वं पोरी!"

पडद्यावरून ललितभाऊंनी चाचरत विचारलं, "जामसिंग, राग गेला ना?"

जामसिंग पहिल्यांदाच हसला. "पुढच्या होळीला काठीला या, भाऊ. पण किल्ली सरांकडे देऊन या!"