सभागृहात कोण बोलतंय?

“बोल की रे बाबा, बोल!” काकांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर हलकीच टपली मारली. “तीन महिने कान किटेपर्यंत बडबड केलीस, आणि आता ऐन वेळी तोंडाला कुलूप?”

कॉम्प्युटर गप्पच. पडद्यावर अक्षरं उमटत होती, पण काकांना त्यांचा काय उपयोग? दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांची दृष्टी गेली होती. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याचा ट्रक चालवला होता. आता ते वाचनालयातल्या या बोलक्या कॉम्प्युटरवर काम शिकत होते. दाबलेलं प्रत्येक अक्षर आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ तो मोठ्याने बोलून दाखवायचा. आणि उद्या सकाळी अकरा वाजता इथेच काकांची परीक्षा होती! वाहतूक कार्यालयातून एक बाई येणार होत्या. कोणती गाडी कुठवर पोचली, कोणता रस्ता बंद आहे, हे फोनवर विचारणाऱ्यांना शोधून सांगायचं. जमलं, तर काकांना त्यांच्या कार्यालयात नोकरी.

काकांच्या खुर्चीला टेकून त्यांची पुतणी उभी होती. डोक्यावरचे केस कधीच ऐकत नसत, म्हणून तिला सगळे झिपरी म्हणत. सुट्टी लागल्यापासून काकांना रोज इथे आणायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. सोबत तिचा धाकटा भाऊ तोफ. त्याला हळू बोलता येत नसे. आणि शेजारचा शंकासुर. तो आठवीत होता, चष्मा लावायचा आणि प्रत्येक वाक्यावर “पण का?” विचारायचा.

दुरुस्तीवाले कॉम्प्युटरसमोर वाकून कसलीशी बटणं भराभर दाबत होते.

“टाइप करत राहा, काका,” ते म्हणाले.

काका टाइप करत राहिले. आवाजाची पट्टी शंभरावर होती. तरी चूं की चां नाही.

“संपलं!” दुरुस्तीवाल्यांनी हात झटकले. “साउंड कार्ड जळालं. त्यातून हे लिनक्स! याचं असंच असतं.”

“पण का?” शंकासुराने विचारलं. “आमच्या शाळेत सगळे कॉम्प्युटर याच लिनक्स प्रणालीवर चालतात. एकही मुका नाही. आणि जळालं असेल, तर काल दुपारी एक वाजता आवाज परत कसा आला होता?”

“तू दुरुस्ती शिकलायस की मी?” दुरुस्तीवाल्यांनी पिशवी खांद्याला मारली. “कार्यवाहांना सांगतो, भंगारात काढा म्हणून.” आणि ते तरातरा निघून गेले.

काकांची बोटं सवयीने एकच शब्द पुन्हा पुन्हा टाइप करत राहिली. काका चिडले, ओरडले की तिला बरं वाटायचं. असे गप्प झाले की मात्र तिला भीती वाटायची.

“काका, मी पाणी आणते हं,” असं म्हणून ती बाहेर पळाली. दोघं मागोमाग आलेच.

मधल्या बोळातून जाताना तोफ एकदम थांबला. डावीकडे वाचनालयाचं सभागृह होतं. दार बंद.

“आत कोणीतरी बोलतंय!” तोफ ओरडला.

“हळू!” दोघांनी त्याचं तोंड दाबलं. झिपरीने दाराला कान लावला. आतून बारीक, सपाट, ओळखीचा आवाज येत होता.

“र… स… ता… रस्ता… र… स… ता… रस्ता…”

झिपरीच्या अंगावर काटा आला. “अरे, हा तर आपल्या कॉम्प्युटरचा आवाज! काका तिकडे टाइप करतायत, आणि तो इकडे बोलतोय!”

“पण कसा?” शंकासुराचा चष्मा नाकावर घसरला.

तेवढ्यात आवाज कात्रीने कापावा तसा बंद झाला. दार उघडलं आणि दारात कार्यवाह उभे राहिले. वाचनालयाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. वाचनालयाचा वर्धापनदिन तोंडावर आला होता, त्यामुळे त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती.

“काय चाललंय इथे? कान लावून ऐकता? हेच शिकवतात का शाळेत?”

“आत कोण बोलत होतं?” झिपरीने धीर करून विचारलं.

“कोण बोलणार? कोणाचा तरी रेडिओ असेल! तीन दिवस झाले, नुसती कटकट! पळा इथून!” त्यांनी दार लावून घेतलं. पण तेवढ्यात झिपरीला भिंतीवरचा भलामोठा पडदा दिसला होता. टीव्हीसारखा, आणि त्यावर वाचनालयाचे जुने फोटो एकामागून एक सरकत होते.

पाणी आणायचं राहूनच गेलं. तिघंही जिन्याखाली बसली.

“ऐका,” झिपरी म्हणाली. “परवा आवाज किती वाजता गेला?”

“अकरा!” तोफ गरजला. “काल पण अकरा! आज पण! तेव्हाच मी डबा उघडतो ना, म्हणून लक्षात आहे.”

“आणि परत येतो एक वाजता. कार्यवाह घरी जेवायला जातात तेव्हा!”

“पण आवाज भिंतीतून पलीकडे कसा जाईल?” शंकासुर म्हणाला आणि स्वतःच चमकला. “तार! फोटो कुठल्या तरी कॉम्प्युटरमधूनच जात असणार ना पडद्यावर? चला!”

तिघं वाचनकक्षात धावली. तोफ टेबलाखाली शिरला आणि धुळीने माखून शिंकत शिंकत बाहेर आला. “सापडली! काळी, कोरी करकरीत तार! कॉम्प्युटरच्या पाठीतून निघते, वर्तमानपत्रं ठेवायच्या लाकडी घोडीमागे जाते आणि भिंतीतल्या भोकातून पलीकडे!”

“कार्यवाहांनी फोटोंसाठी जोडलेली दिसते. ही तार चित्रही नेते आणि आवाजही,” शंकासुर म्हणाला. “पलीकडचा पडदा चालू केला की कॉम्प्युटरला वाटतं, आता तिकडेच बोलायचं! आणि मग आवाजाची पट्टी आपण इथे कितीही वर-खाली केली, तरी ती तिकडच्या आवाजाची!”

“म्हणजे साउंड कार्ड जळलेलं नाही?” काकांनी मान वळवली.

“मुळीच नाही! एक वाजला, कार्यवाह पडदा बंद करून गेले, की तुमचा कॉम्प्युटर बोलायला लागणार!” झिपरीने छातीठोकपणे सांगितलं.

एक वाजला. किल्ल्यांचा जुडगा वाजवत कार्यवाह गेले. काकांनी बटण दाबलं.

काही नाही!

पुन्हा दाबलं. शुकशुकाट!

तोफेचा चेहरा पडला. झिपरीला तर रडूच फुटायचं बाकी होतं. काकांना उगाच आशा लावली! काका हसले, पण ते हसू उसनं होतं. “जाऊ दे गं पोरी. तुम्ही बाहेर होतात तेव्हा कार्यवाह सांगून गेले, ते त्या बाईंना फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगणार आहेत. पुन्हा कधीतरी बघू.”

“पुन्हा कधी, काका? ती जागा तोवर राहील का?”



शंकासुर मात्र नखं कुरतडत उभा होता. “काल एक वाजता आवाज आला होता. आज नाही आला. मग काल आणि आज यांच्यात काय बदललं?”

“काही नाही,” तोफ म्हणाला. “फक्त ते दुरुस्तीवाले येऊन गेले.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“त्यांनी भराभर बटणं दाबली होती!” झिपरी उडालीच. “आवाज तेव्हा पलीकडे जात होता. त्यामुळे इथे काय चालू केलं, काय बंद केलं, त्यांना कळलंच नसणार! म्हणजे बिघाड एक नाही, दोन आहेत!”

ग्रंथपाल बाई इतका वेळ पुस्तकांना क्रमांक चिकटवता चिकटवता सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या आणि तळाच्या फळीवरून लिनक्सचं एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी झिपरीच्या हातात दिलं. “घ्या. आवाजाचं प्रकरण मागच्या बाजूला आहे. काही बदलण्याआधी आधीचं काय होतं ते लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्यांनी तेच केलं नाही.”

झिपरी बोट फिरवत वाचत गेली, शंकासुर बटणं दाबत गेला, तोफ वहीत लिहीत गेला. शेवटी काळ्या खिडकीत उभे रंगीत खांब दिसू लागले. एकेक खांब म्हणजे आवाजाची एकेक वाट. पहिला खांब भरलेला. दुसरा भरलेला. तिसऱ्यावर स्पीकर असं लिहिलं होतं. तोही काठोकाठ भरलेला, पण त्याच्या पायथ्याशी इंग्रजीतले दोन एम होते.

“एम म्हणजे म्यूट,” झिपरीने वाचलं. “म्हणजे मुका! खांब कितीही भरलेला असला तरी वाट बंद! इथे म्हटलंय, एमचंच बटण एकदा दाबा.”

“काका, तुम्हीच दाबा,” शंकासुर म्हणाला.

काकांनी बोटाने चाचपून बटण शोधलं. दाबलं. मग आपलं नेहमीचं काम उघडलं आणि ‘र’ टाइप केला.

“र!” कॉम्प्युटर खणखणीत बोलला.

“बोललाऽऽ!” तोफेने अशी आरोळी ठोकली, की कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या हातून पेपर सुटला. ग्रंथपाल बाई रागवायचं विसरल्या. काका खुर्चीतून उठले आणि हाताला लागेल त्या मुलाची पाठ थोपटू लागले. त्यातले अर्धे धपाटे खुर्चीलाच बसले!

ग्रंथपाल बाईंनी लगेच कार्यवाहांना फोन करून उद्याची परीक्षा रद्द करू नका म्हणून सांगितलं आणि काळी तार कॉम्प्युटरच्या पाठीतून काढून ठेवली. घाईत तारेचं त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

“पण उद्या कोणी पुन्हा जोडली तर?” शंकासुराला नवी शंका आलीच. तिघांनी पुन्हा पुस्तक उघडलं. बराच वेळ डोकं खाजवून शंकासुराने एक छोटा हुकूम लिहिला. आवाज इथल्या स्पीकरकडे आण आणि त्याची वाट उघड, एवढंच त्यात होतं. त्याला नाव दिलं ‘आवाज’. तीन बटणं एकदम दाबून काळी खिडकी उघडायची, इंग्रजीत ‘आवाज’ लिहायचं आणि एंटर.

“तशी वेळ आलीच तर आम्ही धावत येऊ,” झिपरी म्हणाली.

“नको,” काका ठामपणे म्हणाले. “गाडी माझी, टायरही मीच बदलणार. शिकवा मला.”

संध्याकाळी वाचनालय बंद होईपर्यंत काका तेच करत राहिले. शंकासुराने मुद्दाम स्पीकर मुका करायचा आणि काकांनी न ऐकता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने तो बोलता करायचा. पहिल्यांदा सहा वेळा चुकलं. मग चुकेनासंच झालं.

दुसऱ्या दिवशी वाहतूक कार्यालयातल्या बाई पावणेअकराला आल्या. सगळे त्यांना घ्यायला फाटकापाशी गेले. नेमके तेव्हाच कार्यवाह वाचनकक्षात शिरले. “माझी तार कोणी काढली? आज पाहुणे यायचेत फोटो बघायला!” असं पुटपुटत त्यांनी ती जोडली आणि ते सभागृहात निघून गेले. कोणालाच पत्ता नाही!

परीक्षा सुरू झाली. बाई शेजारच्या टेबलावरून गाडीमालक बनून फोन करत होत्या, काका कॉम्प्युटरचं ऐकून उत्तरं देत होते. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा… काकांचं उत्तर तयार! मुलं दाराशी उभी होती. बोलायचं नाही, हलायचं नाही, अशी अट होती. सहाव्या प्रश्नाला काकांनी गाडीचा क्रमांक टाइप केला आणि कॉम्प्युटर मध्येच गप्प झाला.

झिपरीने दाराची चौकट घट्ट धरली. पलीकडे पडदा चालू झाला होता! तिला धावत जाऊन ती तार उपटावीशी वाटली. शंकासुराने तिचा हात पकडला आणि हळूच मान हलवली. तोफेने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं होतं.

काका फोनवर शांतपणे म्हणाले, “अर्धं मिनिट थांबा हं, साहेब. वाटेत थोडं धुकं आहे.”

त्यांची बोटं चालू लागली. तीन बटणं एकदम. मग चार अक्षरं. मग एंटर.

“आठ… दोन… पाच…” कॉम्प्युटर बोलू लागला!

“आपली गाडी पुलाच्या अलीकडे उभी आहे,” काका म्हणाले. “पुलाचं काम चालू आहे, म्हणून तासभर उशीर होईल. ड्रायव्हरला सांगा, तोवर पाठ टेकून घे.”

उरलेले चार प्रश्न कधी संपले ते कळलंही नाही. बाईंनी फोन खाली ठेवला. “मधे काय झालं होतं?”

काकांनी सगळं सांगितलं. तार, पलीकडचा पडदा, मुका झालेला खांब आणि तीन मुलं. काहीही लपवलं नाही.

“आमच्याकडे डोळे असलेली माणसं कॉम्प्युटर अडला की खुर्ची सोडून चहाला जातात,” बाई हसून म्हणाल्या. “पहिल्या तारखेपासून याल?”

मग मात्र तोफेला कोणी आवरू शकलं नाही! त्या आरोळीने सभागृहातले कार्यवाह धावत आले. ग्रंथपाल बाईंनी त्यांना तारेची सगळी हकीकत ऐकवली, तेव्हा त्यांचे कान लाल झाले. “म्हणजे तो रेडिओ नव्हता?” ते ओशाळून म्हणाले. “मीच पडद्याचा आवाज बंद केला होता. एकदा तरी विचारायला हवं होतं मी. चुकलंच माझं.” त्यांनी तिघांच्याही पाठीवर हात ठेवला. “शाब्बास! पुस्तक वाचून, नोंदी ठेवून शोध लावलात. वाचनालयाला आणखी काय हवं? आणि त्या दुरुस्तीवाल्यांना मी हीच वही दाखवणार आहे.”

त्याच दुपारी कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक पुठ्ठा लटकला. अक्षर झिपरीचं होतं, मजकूर मात्र काकांनी तिला टेचात सांगितलेला:

‘ही तार लावण्याआधी किंवा काढण्याआधी मला विचारा. पहिल्या तारखेनंतर मी ऑफिसात असेन. तेव्हा फोन करा.’